न धुतलेला शर्ट

कागद इंग्रजीत टाइप केलेला होता, खाली मुख्तारच्या सहीसाठी रेघ ओढलेली होती आणि शिरीषसाहेबांनी पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलं होतं. एवढी तयारी माणूस दुसऱ्याच्या सहीसाठीच करतो. मुख्तारनं पेन घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात त्याची बायको महमुदा स्वयंपाकघरातून कणकेचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"आधी वाचून दाखवा," ती म्हणाली. "मराठीत."

शिरीषसाहेब पुण्याचे. आखातातल्या बुदैयाचा हा फार्म, रिफातलं मालकाचं घर, मनामातलं ऑफिस, सगळा कारभार त्यांच्या हातात. माणूस तसा वाईट नव्हता, पण मालकाच्या कपाळावर आठी पडायच्या आत ती यांच्या कपाळावर पडलेली असायची. त्यांनी घसा खाकरून वाचलं. मी, मुख्तार, राहणार श्रीवर्धन, जिल्हा रायगड, कबूल करतो की शुक्रवारी हरणांच्या कुंपणाचं दार माझ्या निष्काळजीपणामुळे उघडं राहिलं आणि त्यामुळे नर पळाला. माझा व माझ्या पत्नीचा व्हिसा रद्द करून आम्हाला परत पाठवण्यास माझी हरकत नाही.

सही केली की तिकीट मिळेल आणि विषय खलास, शिरीषसाहेबांनी समजावलं. नाही केली तर प्रकरण पोलिसांत जाईल, मग त्यांच्या हातात काही राहणार नाही. हे सगळं ते अगदी मऊ आवाजात सांगत होते, डॉक्टर लहान पोराला सुईबद्दल सांगतात तसं.

महमुदानं हात पदराला पुसले, कागद उचलला, त्याची चौकोनी घडी घातली आणि कमरेला खोचली. "दार यांनी उघडं ठेवलंच नाय," ती म्हणाली, "तर सही कशाची करायची?"

दार कुणी उघडं ठेवलं हे फार्मवर सगळ्यांना ठाऊक होतं. ड्रायव्हर मुनाफला ठाऊक होतं, खजुराच्या झाडांना पाणी देणाऱ्या दोघा केरळ्यांना ठाऊक होतं, आणि शिरीषसाहेबांना तर सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. शुक्रवारी जुम्म्यानंतर अर्बाबकडे, म्हणजे मालक हमझाकडे, बाराजण जेवायला आले होते. महमुदानं पहाटेपासून खपून मोठं पातेलंभर मछबूस, म्हणजे मसाल्याचा मटणभात, रांधलं होतं. जेवणं झाल्यावर बखूरची धुपाटणी फिरली. ऊदाचं लाकूड निखाऱ्यावर टाकून एकेकानं दाढीला, रुमालाला, पायघोळ थोबच्या बाह्यांना धुरी घेतली. आणि मग ती सगळी वरात मजलिसच्या, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीच्या, बाजूच्या छोट्या दारानं हरणांच्या कुंपणात शिरली, फोटो काढायला. महमुदानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं. मुख्तार त्या वेळी फार्मवर नव्हताच, त्याला बर्फ आणायला पिटाळलं होतं. शनिवारी सकाळी छोटं दार सताड उघडं सापडलं. माद्या आत होत्या आणि नर गायब होता.

आता मुख्तारचा एक दोष होता, आणि तो त्याचा त्यालाच डाचत होता. शुक्रवारी संध्याकाळी मागच्या दारानं चारा टाकताना त्याला नर दिसला नव्हता. माणसांनी त्रास दिला म्हणून झाडीत रुसून बसला असेल असं समजून तो परत आला. सहा वर्षं त्या जनावरांत वावरलेला माणूस तो, त्यांच्या रुसण्याफुगण्याचीसुद्धा त्याला सवय झाली होती. खोलीवर आल्यावर तो म्हणाला, मी तेव्हाच शोधायला हवं होतं, माझी चूक आहेच की थोडी.

"तुमची चूक असेल तेवढी मान्य करा," महमुदा म्हणाली. "त्या कागदात दुसऱ्याची लिवलीये."

तिला भीती वाटत नव्हती असं नाही. पोरगी अलिना श्रीवर्धनला सासूपाशी राहून दहावीला बसली होती. परत जावं लागलं तर जाऊ, मासळी विकू, काहीही करू. पण निष्काळजी म्हणून हाकलला, हे नाव लावून जायचं नव्हतं. मनामापासून हमद टाउनपर्यंत रत्नागिरी-रायगडचा एकूण एक माणूस एकमेकांना ओळखतो. सकाळी कुणाची नोकरी गेली तर असरच्या नमाजाला त्याची चर्चा होते, आणि त्याच्या आधी ती गावी पोचलेली असते. मुख्तारसारखा माणूस त्या चर्चेत मान खाली घालून उभा राहिला असता आणि जन्मभर तशीच ठेवली असती. ते तिला नको होतं. संतापानं तिचे कान तापले होते.

नर लांब गेला नव्हता. फार्मच्या भिंतीपलीकडे एक ओसाड बाग होती. पाण्याविना वाळलेली खजुराची झाडं, मध्ये माजलेलं काटेरी रान, पडकं कुंपण. तिथे तो दडून होता. बागेच्या एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला मनामाकडे जाणारा हायवे. हायवेवर गेला की संपला, हे कुणी सांगायला नको होतं. जनावरांचे डॉक्टर चिराग आले, त्यांनी भुलीचं औषध भरलेल्या सुया आणि त्या उडवायची बंदूक आणली. पण तीस पावलांच्या आत गेलं तरच नेम लागेल, त्यांनी बजावलं, आणि सुया तीनच आहेत. त्यांनी स्वतः जायची तयारी दाखवली, तर अर्बाब हसला. शिकारी मी आहे, तो म्हणाला, आणि मुख्तारला तर त्यानं बागेच्या जवळही फिरकू दिलं नाही.

ते खरंच होतं म्हणा. दर वर्षी ऑक्टोबरात हमझा स्कॉटलंडला हरणाच्या शिकारीला जायचा. मजलिसच्या भिंतीवर शिंगांच्या चार जोड्या होत्या आणि प्रत्येकीची गोष्ट ऐकल्याशिवाय पाहुण्याला कॉफी मिळायची नाही. रविवारी दुपारी तो तयार होऊन आला तेव्हा अंगात पानापानांचा शिकारी सूट होता, पायात रबरी बूट, आणि हातात हिरवी बाटली. माणसाचा वास मारणारं औषध. तो सूटवर, बुटांवर, टोपीवर फुस फुस करत होता आणि शिरीषसाहेब बाजूला उभे राहून कौतुकानं बघत होते. याच शिरीषसाहेबांनी गेल्या उन्हाळ्यात कामगारांच्या खोल्यांबाहेर नोटीस लावली होती, की मजलिसच्या वीस फुटांत कामाच्या कपड्यांनी फिरकू नये, पाहुण्यांना वास येतो. मुख्तारला त्यांनी अंगावर मारायचा स्प्रेही दिला होता. त्यानं तो एकदाच मारला. त्या दिवशी एक मादी त्याच्या हातचा चारा खायला आली नाही, म्हणून त्यानं पुन्हा मारला नाही.

महमुदा चहाचा थर्मास घेऊन पिकअपपाशी गेली होती. दहा हातांवरून तिच्या नाकाला ऊदाचा दरवळ लागला. स्वयंपाक करणाऱ्या बाईचं नाक ते, कांदा कितपत भाजलाय हे पाठमोरी सांगणारं. त्यात भर म्हणजे वारा समुद्रावरून बागेकडे वाहत होता आणि अर्बाब समुद्राच्या बाजूनंच आत शिरायला निघाला होता. तिनं शिरीषसाहेबांना हळूच सांगितलं, हे जमणार नाही, वारा पाठीशी आहे. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

पुढे झालं ते सगळ्यांनी गच्चीवरून पाहिलं. अर्बाब वाकून, दबकून, पुस्तकात लिहिल्यासारखा चालला होता. अजून दोनशे पावलं अंतर होतं. नरानं मान वर केली, पुढचा पाय आपटला, नाकातून शिट्टीसारखा आवाज काढला आणि जो उधळला तो थेट हायवेच्या दिशेनं. एका ट्रकनं जोरात हॉर्न दिला. त्या आवाजाला बुजून तो फिरला आणि पुन्हा रानात घुसला, म्हणून वाचला. मुख्तारनं डोळे झाकून घेतले होते.

अर्बाब परत आला तो लालबुंद होऊन. या माणसानं माझं जनावर रानटी करून ठेवलंय, त्यानं मुख्तारकडे बोट दाखवून सुनावलं, माणूस दिसला की पळतंय. शिरीषसाहेबांनी मान डोलावली. मुख्तार नेहमीसारखा जमिनीकडे बघत उभा राहिला.

आणि इथे महमुदाच्याने राहवेना. अर्बाबला हिंदी चांगलं यायचं, मुंबईचा माल आणण्यात त्याच्या बापाचं आयुष्य गेलं होतं. ती पुढे होऊन म्हणाली की हरणानं तुम्हाला पाहिलंच नाही, त्यानं वास घेतला. अर्बाबनं हिरवी बाटली तिच्यापुढे धरली. तिनं बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं विचारलं, हा सूट ठेवता कुठे?

रिफाच्या घरी, कपाटात.

आणि कपाटाला धुरी कोण देतं?

अर्बाब उत्तर द्यायला गेला आणि थांबला. त्याच्या घरी त्याची म्हातारी आई दर गुरुवारी बखूरचं धुपाटणं कपाटांच्या खोलीत ठेवून दार लावून घ्यायची. आजवर या घरातला एकही कपडा त्या धुरीतून सुटलेला नव्हता. मग शिकारीचा सूट कसा सुटेल? परदेशात नेताना बिनवासाच्या साबणानं धुतला जायचा, इथे काल कपाटातून काढला आणि अंगात घातला. त्यानं बाही नाकाशी नेली. डॉक्टर चिराग हसले आणि मग उगाच खोकले.

बाई, तुला हे कुणी शिकवलं, अर्बाबनं विचारलं. आवाजात चेष्टा होती, पण निम्मीच. शिकारीचं वेड असलेला माणूस शिकारीची गोष्ट ऐकल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा महमुदानं सांगितलं. ती श्रीवर्धनची सून, पण माहेर पोलादपूरच्या वर डोंगरात. बाप शिकारी. शिकारबंदीचा कायदा कडक झाला आणि त्याची ठासणीची बंदूक ठाण्यात जमा झाली, तोवर ती सोळा वर्षांची होती आणि पाच पावसाळे त्याच्या मागून रान तुडवून झाले होते. भेकराच्या शिकारीला जायचं असलं की बाप दोन दिवस विडीला शिवायचा नाही. डोक्याला तेल नाही, जेवणात कांदा-लसूण नाही, आंघोळ नुसत्या विहिरीच्या पाण्याची. पुरचुंडीत चुलीची राख असायची, चिमूटभर सोडून वारा बघायचा. आणि कपडे? कपडे तो धुवायचाच नाही. बंडी आठवडाभर शेळ्यांच्या गोठ्यात टांगून ठेवायचा. त्या रानात शेळ्या रोज चरायच्या, भेकरांना तो वास पाठ होता. त्या वासाचा माणूस आला तर ती मान वर करायची, बघायची, आणि परत चरायला लागायची.

"माणसाचा वास मरत नाय, अर्बाब," ती म्हणाली. "जनावराला जो वास आपला वाटतो, तो अंगावर घ्यायचा असतो."

अर्बाबनं कुंपणाकडे पाहिलं, चाऱ्याच्या ढिगाकडे पाहिलं, आणि शेवटी मुख्तारकडे. मुख्तारच्या अंगात कामाचा निळा शर्ट होता. पाठीवर घामाचं मीठ सुकलेलं, खांद्यावर जतच्या, म्हणजे लसूणघासाच्या काड्या चिकटलेल्या. शिरीषसाहेबांच्या ध्यानात जरा उशिरा आलं. आलं तेव्हा ते म्हणाले, छे छे, असं कसं, अर्बाब ते घालणार?

अर्बाबनं त्यांना हातानं गप्प केलं. घालतो म्हणाला. उद्या पहाटे.

शर्ट असा मिळणार नाही, महमुदानं सांगितलं. शर्ट माझ्या नवऱ्याचा आहे. हरीण जिवंत घरी आलं तर या कागदाचं नाव पुन्हा काढायचं नाही. तिनं कमरेची घडी वर करून दाखवली. शिरीषसाहेबांचा चेहरा असा झाला की कागद तिच्याकडे गेलाय हे ते विसरलेच होते. अर्बाब हसला. आधी पकडू तर दे, तो म्हणाला. कागद काय, दुसराही टाइप होतो. हे तिलाही कळत होतं. पण आज एवढं मिळालं ते घेऊ, बाकीचं उद्या बघू, असं तिनं मनाशी ठरवलं.

त्या संध्याकाळी फार्मवर चूल पेटली नाही. महमुदानं कांदा चिरला नाही, फोडणी दिली नाही, मुनाफला बाहेरून खुबूसच्या रोट्या आणायला लावून सगळ्यांना कोरडं जेवायला घातलं. मुनाफ कुरकुरला, तर तिनं त्याला सुनावलं की एक दिवस आमटी नाही मिळाली तर मरत नाहीस. आपल्या कपड्यांचा एक जोड तिनं चाऱ्याच्या गोदामात टांगला. अर्बाब रिफाला गेला नाही. नुसत्या पाण्यानं आंघोळ, सिगारेट नाही, वेलदोड्याची कॉफी नाही, असं तिनं सांगितलं ते त्यानं निमूट ऐकलं. दाढीतला ऊद जाईना म्हणून त्यानं कुंपणातली धूळ आणि लसूणघास चुरगाळून दाढीला चोळलं. आणि मुख्तारनं आपला निळा शर्ट काढून, घडी करून, शिरीषसाहेबांच्या हवाली केला.

इथे शिरीषसाहेबांनी जे केलं ते फक्त शिरीषसाहेबच करू शकले असते. वीस वर्षं ज्यानं मालकापुढे कधी सुरकुतलेला कागद ठेवला नाही, तो माणूस मालकाला मळका शर्ट देणार कसा? त्यांनी तो दोन बोटांत धरून गाडीत टाकला आणि बुदैया रोडवरच्या लॉन्ड्रीत अर्जंट म्हणून दिला. सोमवारी पहाटे फज्रची नमाज होऊन सगळे अंगणात जमले तेव्हा तो प्लास्टिकच्या पिशवीत, हँगरवर, कडक इस्त्रीत हजर झाला. वरून लॉन्ड्रीवाल्यानं गुलाबाचा फवाराही मारला होता.

महमुदानं पिशवी उघडली, वास घेतला आणि ती परत बंद केली. "साहेब," ती म्हणाली, "तुम्ही देवमाणूस आहात, पण आज घरी जा."

साहेब खरोखर ओशाळले. जाऊन पिकअपमागे उभे राहिले. वेळ चालला होता. वारा अजून पडलेला होता, सूर्य वर आला की समुद्रावरून सुटणार आणि मग दिवसभर काही करता येणार नव्हतं. मुख्तारकडे निळे शर्ट दोनच. एक हा असा गुलाब झालेला, आणि दुसरा त्याच्या अंगात, पहाटेचा चारा टाकून आलेला. कुणी काही सांगायच्या आत त्यानं बटणं सोडायला सुरुवात केली. बनियनवर उभं राहून त्यानं अंगातला शर्ट अर्बाबपुढे धरला.

अर्बाबनं तो घेतला. क्षणभर हातात तोलला. शर्ट मुख्तारच्या अंगानं गरम होता, काखेत ओला होता. मग त्यानं श्वास रोखला आणि एक बाही चढवली, दुसरी चढवली. त्याच्या रुंद पाठीवर तो ताणला गेला, वरची दोन बटणं लागली नाहीत. कुणीही हसलं नाही. गेल्या उन्हाळ्यापासून ज्या वासापायी महमुदाचा नवरा मजलिसच्या वीस फुटांबाहेर उभा राहत होता, तो वास आता मालक स्वतःच्या अंगावर ओढून घेत होता. तिला त्याचा आनंद झाला, आणि झाला हे ती कुणापासून लपवणार नव्हती.

ती पुढे, अनवाणी. अर्बाब मागे, त्यालाही तिनं बूट काढायला लावले होते. पडक्या भिंतीपाशी तिनं राख सोडली. राख जराशी रेंगाळली आणि जमिनीवरून समुद्राकडे सरकली. मग तिनं त्याला हायवेच्या अंगानं वळसा घालून नेलं, म्हणजे नर उधळला तरी त्या बाजूला जाणार नाही. पण त्या वळशानं वारा पाठीशी आला, आणि अर्बाबनं ते ओळखलं. कालचीच चूक, त्यानं खुणेनं विचारलं. तिनं मान हलवली. काल ती चूक होती. आज त्याला वास जाऊ द्यायचा होता.

काटे अर्बाबच्या तळव्यांत शिरत होते आणि तो हूं की चूं करत नव्हता, हे मात्र तिनं मनात नोंदवलं. शंभर पावलं राहिली. सत्तर राहिली. वाळक्या झावळ्यांखाली नर उभा होता, पोट खपाटीला गेलेलं, दोन दिवसांत निम्मा झालेला. त्यानं मान वर केली. कान ताठ झाले, नाकपुड्या हलल्या. अर्बाब जागच्या जागी थिजला. त्या शर्टात महमुदाच्या घराची सगळी अब्रू अडकली होती, आणि तिच्या हातात आता काही नव्हतं.

नरानं पाय आपटला नाही. त्यानं बराच वेळ वास घेतला. आणि मग तो चालायला लागला. त्यांच्याच दिशेनं, दोन पावलं, थांबून आणखी चार, मान पुढे काढून. दोन दिवसांचा उपाशी जीव चारा घालणाऱ्या माणसाच्या वासावर येत होता. चाळीस पावलं. तीस. महमुदानं हळूच अर्बाबच्या कोपराला स्पर्श केला. बंदूक फट वाजली, सुई नराच्या मांडीत बसली, तो उडी मारून रानात पळाला आणि पन्नासेक पावलांवर गुडघे टेकून बसला. डॉक्टर चिराग धावत आले. मुख्तार त्यांच्या आधी पोचला होता, बनियनवर, आणि नराचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या डोळ्यांवर हात धरून बसला होता.

नऊ वाजेपर्यंत नर कुंपणात होता, पाणी पीत होता. अंगणात सगळे जमले. अर्बाब खूश होता, तळव्यातला काटा काढता काढता पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, माझ्याकडे चालत आला, अरे, स्वतः चालत आला. मग त्यानं मुख्तारला जवळ बोलावलं, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, जा, तुला माफ केलं, काम कर. शिरीषसाहेबांनी समाधानाचा निःश्वास सोडला आणि मुख्तारला खूण केली, आभार मान. मुख्तारनं तोंड उघडलंही.

"माफी नको," महमुदा म्हणाली.

शिरीषसाहेबांनी तिला मराठीत समजावलं, अहो महमुदाबाई, झालं ना तुमच्या मनासारखं, आता ताणू नका. ती त्यांच्याशी बोललीच नाही. ती अर्बाबसमोर उभी राहिली. तिनं सांगितलं, माफी चूक करणाऱ्याला करतात. चूक केली म्हणून माझा माणूस राहिला, असं उद्या सगळे म्हणतील, आणि हा खाली मान घालून ऐकेल. रविवारी दोनशे पावलांवरून ऊदाचा वास आला तर हे हरीण ट्रकपुढे जायला निघालं होतं. आज या शर्टाच्या वासावर ते चालत आलं. तुम्ही दोन्ही वेळा तिथे होता, मला काही सांगायला नको.

"आता तुम्हीच सांगा, अर्बाब," ती म्हणाली. "शुक्रवारी कुंपणात कुणाचा वास होता?"

मुनाफनं गाडीची किल्ली खिशात टाकली. दोघे केरळी पाण्याची नळी हातात धरून उभे राहिले, पाणी त्यांच्या पायांवर वाहत होतं. अर्बाबचा चेहरा आधी कठीण झाला. या देशात कुणी नोकराणी कुण्या मालकाला असं विचारत नाही, आणि एका शब्दानं तो दोघांना संध्याकाळच्या विमानात बसवू शकला असता. महमुदाला ते पक्कं ठाऊक होतं. तिनं नजर काढली नाही. जायचं तर जाऊ, पण हे विचारून जाऊ.

अर्बाबनं खाली पाहिलं. न लागलेली बटणं, बाहीला चिकटलेल्या काड्या. त्यानं एक खोल श्वास घेतला आणि त्या श्वासाबरोबर त्याला कसला कसला वास आला असेल तो आला असेल.

"दरवाजा हम खुला छोडा," तो म्हणाला. मुनाफला, केरळ्यांना, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मेरा मेहमान, और हम. मुख्तार नहीं."

मग तो थोडा खाकरला, शर्टाकडे हात करून शिरीषसाहेबांना म्हणाला, हा धुऊन, इस्त्री करून याला परत द्या.

आणि तेव्हा मुख्तार बोलला. तीन दिवसांत जो धड एक वाक्य बोलला नव्हता, तो बनियनवर उभा राहून, मान वर करून, मालकाच्या डोळ्यांत बघून बोलला.

"धुवू नका, अर्बाब," तो म्हणाला. "तसाच द्या. दुपारचा चारा टाकायचाय."

अर्बाबनं एकेक बटण सोडलं, शर्ट काढला आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिला. मुख्तारनं तो तिथेच अंगात चढवला, वरपर्यंत बटणं लावली आणि मजलिसच्या दारावरून सरळ चालत कुंपणाकडे गेला.